‘प्रोफेस’ : एका शब्दाची रोम ते भंडारा यात्रा

भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला धर्माच्या बाबतीत तीन गोष्टींचे स्वातंत्र्य दिले आहे. इंग्रजी मूळ पाठात त्यांसाठी प्रोफेस, प्रॅक्टिस आणि प्रॉपगेट अशी तीन क्रियापदे आली आहेत. यांपैकी तिसऱ्या शब्दावर, म्हणजे धर्मप्रसारावर, गेली सात दशके पुष्कळ वादविवाद झाला. दुसऱ्यावर, म्हणजे आचरणावर, न्यायालयांनी विपुल लिहिले. पहिला शब्द मात्र निरुपद्रवी समजला गेला. वाचकहो, प्रस्तुत लेखात आम्ही या पहिल्या शब्दाचाच मागोवा घेणार आहोत. कारण दिसावयास साध्या असलेल्या या शब्दाने आपल्या भंडारा-गोंदिया भागाच्या आणि नागपूरच्या सार्वजनिक इतिहासात मोठी उलथापालथ घडविली आहे, आणि आजही आपल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात तो एक अवघड प्रश्न होऊन बसलेला आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. इंग्रजीतील ‘प्रोफेस’ हे क्रियापद लॅटिन ‘प्रोफितेरी’ या धातूवरून आलेले आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे, समोर. आणि ‘फातेरी’ म्हणजे मान्य करणे, कबूल करणे. चारचौघांसमोर येऊन स्वतःच्या तोंडाने सांगणे, हा त्याचा मूळ अर्थ. ‘फातेरी’ हे ‘फारी’ म्हणजे बोलणे या धातूच्या कुळातले. कीर्ती या अर्थाचा ‘फेम’ आणि कहाणी या अर्थाचा ‘फेबल’ हे इंग्रजी शब्द याच कुळातले. तान्ह्या मुलाला ‘इन्फन्ट’ म्हणतात, त्याचाही अर्थ ‘ज्याला अद्याप बोलता येत नाही तो’ असाच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बालकाच्या वतीने मायबाप आणि धर्म-आईबाप श्रद्धा प्रकट करतात, आणि तेच बालक मोठे झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या मुखाने बोलते, ही आपली परंपरा या शब्दाच्या पोटातच दडलेली आहे असे म्हणावयास हरकत नाही.

याहून आनंदाची गोष्ट अशी की, हे कूळ आपल्याला परके नाही. भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘फारी’ आणि संस्कृत ‘भन्’, ‘भण्’ हे धातू एकाच प्राचीन मुळापर्यंत नेऊन पोहोचवितात. आणि ‘भण्’पासूनच आपले रोजचे ‘म्हणणे’ हे क्रियापद निघाले. तेव्हा ‘प्रोफेस’ हा शब्द आपल्या ‘म्हणणे’चा दूरचा भाऊच ठरतो. एक भाऊ रोमला गेला आणि चारचौघांत उभा राहून बोलू लागला. दुसरा आपल्या अंगणात राहिला.

रोममध्ये या शब्दाचा वापर आधी धर्मात नव्हे, सरकारी कामकाजात होत असे. नागरिकाने आपली मालमत्ता अधिकाऱ्यासमोर सांगणे, अपत्याच्या जन्माची नोंद करणे, यांस ‘प्रोफेस्सिओ’ म्हणत. निवडणुकीला उभे राहणाऱ्यानेही अधिकाऱ्यापुढे जाऊन आपले नाव सांगावयाचे, तेही ‘प्रोफेस्सिओ’च. इसवी सनपूर्व ६० मध्ये ज्युलियस सीझर हिस्पानियातील विजयानंतर परतला, तेव्हा त्याच्यापुढे पेच पडला. विजयाची मिरवणूक हवी तर नगराच्या सीमेबाहेर थांबावयाचे. कॉन्सलपदासाठी उमेदवारी हवी तर स्वतः नगरात येऊन नाव सांगावयाचे. गैरहजेरीत उमेदवारी मान्य होईना. सीझरने मिरवणुकीवर पाणी सोडले आणि नाव सांगितले. जाहीरपणे सांगण्याला किंमत पडते, हे तेव्हापासूनचे आहे.

आपणा सर्वांना परिचित असलेली एक कथाही येथे आठवते. लूकच्या शुभवर्तमानात कैसर ऑगस्तसच्या हुकुमावरून नावनिशी लिहिण्यासाठी योसेफ गर्भवती मरियेसह बेथलेहेमला गेला. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन पाठ सिद्ध केला, तेव्हा या नावनोंदणीसाठी त्यांनी ‘प्रोफितेरी’ हेच क्रियापद योजिले. म्हणजे नाताळच्या रात्रीची ती सारी पायपीट एका सरकारी ‘प्रोफेस्सिओ’साठी होती. आम्ही कोण, कोणत्या घराण्याचे, कोणत्या गावचे, हे सांगण्यासाठी ते कुटुंब निघाले होते. हातात कागद घेऊन तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसलेल्या गरीब कुटुंबाला पवित्र कुटुंबाशी असलेले हे नाते ठाऊक असावयास हवे.

पुढे ख्रिस्तसभेच्या हाती हा शब्द आला आणि त्याला रक्ताचा रंग चढला. तिसऱ्या शतकात सम्राट डेसिअसने इसवी सन २५० च्या सुमारास फर्मान काढले की, साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बलिदान करावे आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. अशा दाखल्यांचे काही पपायरस-कागद ईजिप्तच्या वाळूत सापडलेले आहेत. जे ख्रिस्ती ठाम राहिले व मारले गेले ते रक्तसाक्षी झाले. ज्यांनी छळ सोसून ख्रिस्ताचे नाव सोडले नाही आणि जे जिवंत राहिले त्यांना ‘कन्फेसर’, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारे, ही मानाची पदवी मिळाली. कन्फेस हा शब्दही त्याच ‘फातेरी’पासूनचा. आज आपण तो पापनिवेदनाशी जोडतो, गोव्याच्या कोंकणीतील ‘कुमसार’ही त्याच मार्गाने पोर्तुगीजांबरोबर आला, परंतु पापाच्या कबुलीइतकीच श्रद्धेची कबुली हाही त्याचा जुना अर्थ आहे.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्गही होता. त्यांनी बलिदान केले नाही, परंतु अधिकाऱ्याला पैसे देऊन केल्याचा दाखला विकत घेतला. मनाने ते ख्रिस्ती राहिले, कागदावर राहिले नाहीत. छळ ओसरल्यावर या दाखलेवाल्यांचे काय करावे, हा कार्थेज येथील धर्माध्यक्ष संत सिप्रियन यांच्यापुढे मोठा प्रश्न होता. २५१ साली तेथे धर्माध्यक्षांची परिषद भरली. एक पक्ष म्हणे, यांना दार कायमचे बंद करा; दुसरा म्हणे, विचारपूस न करता आत घ्या. परिषदेने मधला मार्ग स्वीकारला. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी तपासावी, आणि बलिदान न करता केवळ दाखला घेतलेल्यांना पश्चात्तापानंतर पुन्हा सामावून घ्यावे, असे ठरले. ही घटना वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी आपल्या मठनियमात उमेदवाराच्या प्रवेशाचा विधी सांगितला. त्याने प्रार्थनागृहात सर्वांसमोर वचन द्यावे, ते स्वतःच्या हाताने लिहून वेदीवर ठेवावे. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून घेऊन त्यावर स्वतः खूण करावी. या व्रतग्रहणालाच ‘प्रोफेशन’ म्हणत. इंग्रजी भाषेत हा शब्द प्रथम शिरला तो याच मठातल्या अर्थाने, इसवी सन १२०० च्या आसपास. उघडपणे घोषित करणे हा व्यापक अर्थ ‘प्रोफेस’ क्रियापदाला सोळाव्या शतकात आला. एखादी विद्या आपल्याला अवगत आहे असे जाहीर करून ती शिकविणारा तो ‘प्रोफेसर’, आणि एखाद्या कामात आपण निष्णात असल्याचे सांगून त्यावर उपजीविका करणे म्हणजे ‘प्रोफेशन’, असे अर्थ हळूहळू रूढ झाले. आमच्या धर्मभगिनी आजही ज्या दिवशी व्रते घेतात त्या दिवसाला जुन्या अर्थाने प्रोफेशन म्हणतात. बाजारात मात्र त्याच शब्दाला पेशा म्हणतात. एका बाजूला सर्वस्वाचा त्याग आणि दुसऱ्या बाजूला कमाई, इतका एका शब्दाचा पल्ला आहे.

आणखी एक छटा सांगावयाची राहिली. इंग्रजीत या क्रियापदाला ‘वरवर तसे दाखविणे’ असाही अर्थ चिकटला. तोंडाने मैत्री सांगणारा पण मनात ती नसलेला, त्यालाही हा शब्द लावतात. बोलणे आणि असणे यांत फट पडू शकते, हे भाषेने ओळखले. प्रभू येशूने ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यांविषयी दिलेला इशारा याच फटीविषयीचा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. १९३१ साली कराची येथील काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात धर्म ‘प्रोफेस’ करण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य होते. घटना परिषदेत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली, तेव्हा बिहारचे तजामुल हुसेन यांनी धर्म ही मनुष्य आणि निर्माता यांच्यातील खासगी बाब आहे, ती घरात राहावी, असा पक्ष मांडला. येशूसंघीय फादर जेरोम डिसूझा हे त्या परिषदेचे सभासद होते. परिषदेने हुसेन यांचे म्हणणे स्वीकारले नाही. भारतीय माणसाचा धर्म दाराआड राहणार नाही, तो उजेडात सांगता येईल, असे ठरले.

या शब्दाची भाषांतरे पाहिली तर मौज वाटते. राज्यघटनेच्या हिंदी पाठात येथे ‘मानने’ हा शब्द आहे, तर मराठी पाठात ‘प्रकट करणे’ असे म्हटले आहे. आमच्या गोंदियात हिंदी आणि मराठी एकाच बाजारात, कित्येकदा एकाच वाक्यात, नांदतात. परंतु या ठिकाणी त्यांची वाट वेगळी झाली. मानणे हे अंतःकरणात घडते, प्रकट करणे ओठांवर. लॅटिन मुळाशी इमान राखले ते मराठीने. संत पौलाने रोमकरांस लिहिताना अंतःकरणाचा विश्वास आणि मुखाची कबुली अशा दोन्ही गोष्टी जोडीने सांगितल्या, हे येथे स्मरते.

या शब्दाची पहिली झळ लागली ती एका सरकारी आदेशामुळे. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयी आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की, हिंदूहून भिन्न धर्म ‘प्रोफेस’ करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातील काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. म्हणजे ज्या शब्दाने घटनेत स्वातंत्र्याचे दार उघडले होते, तोच शब्द या आदेशात दार बंद करणारा अडसर बनला.

यानंतर लवकरच आपल्या भागात एक खटला गाजला. तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघातून दोन सदस्य निवडावयाचे होते, एक सर्वसाधारण जागेवर व एक राखीव जागेवर. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी निवडून आले. गोंदियाच्या मूलजी सिक्का या विडी कंपनीत ते भागीदार होते आणि या कंपनीचा सरकारी कँटीन विभागाला विड्या पुरविण्याचा करार होता. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरविले. परंतु त्याच खटल्यात दुसरा, आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा, प्रश्न होता. गंगाराम ठवरे हे महार समाजातील गृहस्थ महानुभाव पंथात गेले होते. पंथात गेल्यावर ते महार राहिले काय? राखीव जागेसाठी ते पात्र होते काय?

महानुभाव पंथ तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी स्थापिला. जातिभेद त्यांना मान्य नव्हता. या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत जपले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली विद्वानांच्या हाती लागली. ज्या पंथाने आपली श्रद्धा झाकून ठेवून टिकविली, त्याच्या अनुयायाची ओळख काय, हे दिल्लीच्या न्यायासनापुढे ठरावयाचे होते, हा योगायोग विलक्षण होय. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. ते पूर्वी नागपूरचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी तीन कसोट्या लावल्या: जुन्या समाजाची प्रतिक्रिया काय, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय. ठवरे यांना जातीने आपलेच मानले होते. त्यांचे विवाहही पंथाबाहेर झाले होते. पंथाच्या संस्थापकाचे मत काहीही असो, पंथात जाऊनही जातीचे धागे तुटले नव्हते. तेव्हा ते महारच राहिले, असा निर्णय झाला.

निवडणूक रद्द ठरली आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागा समाजवादी नेते अशोक मेहता यांनी जिंकली.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास जाहीर केले होते की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. ते वचन त्यांनी एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या मैदानावर लाखो लोकांसमोर पूर्ण केले. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि मग अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आधुनिक भारतात लॅटिन ‘प्रोफितेरी’चा अर्थ इतक्या शब्दशः जगलेला दुसरा प्रसंग आम्हांस ठाऊक नाही. समोर येणे, स्वतःच्या तोंडाने बोलणे, आणि त्याची किंमत मोजणे, हे तिन्ही तेथे होते. किंमत खरोखरच मोठी होती. कारण १९५० च्या आदेशानुसार बौद्ध झालेल्यांच्या केंद्रातील सवलती सुटल्या. त्या परत मिळावयास १९९० साल उजाडावे लागले.

या दीक्षेनंतर आठ वर्षांनी ‘प्रोफेस’ हा शब्दच न्यायालयाच्या कठड्यात उभा राहिला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातील एका राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, असा आक्षेप घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९६४ मध्ये निर्णय दिला आणि तो न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिला. त्यांनी वेबस्टर व ऑक्सफर्ड हे इंग्रजी शब्दकोश उघडले आणि शब्दाचा अर्थ शोधला. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: ‘प्रोफेस’ म्हणजे उघड घोषणा किंवा उघड आचरण. आपण जुना धर्म सोडला व नवा घेतला असे एखाद्याने जाहीरपणे सांगितले, की तो नव्या धर्माचा समजावा. मग धर्मांतराचा विधी यथासांग झाला की नाही, याची आणखी चौकशी करणे व्यर्थ आहे. मेश्राम यांची निवड रद्द झाली.

हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे एक मर्म हाती लागते. १९५४ मध्ये न्यायालयाने विचारले, लोक तुम्हांला काय म्हणतात? १९६४ मध्ये विचारले, तुम्ही स्वतःला काय म्हणता? पहिला प्रश्न जातीचा आहे, दुसरा धर्माचा. जात दुसरे ठरवितात. धर्म आपण सांगतो. या दुसऱ्या प्रश्नात माणसाचा मोठा सन्मान आहे. कोणाच्याही अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला नाही. ज्याचा त्याचा शब्द प्रमाण मानला.

परंतु वाचकहो, येथेच आपल्या समाजाचे दुःखही आहे. तोंडाने धर्म सांगितला म्हणून लोकांच्या मनातील जात नाहीशी होत नाही. दलित ख्रिस्ती माणूस या दोन प्रश्नांच्या मध्ये सापडतो: गाव त्याला जुन्याच नावाने ओळखते आणि सरकार नव्या. मद्रासच्या सूसै नावाच्या चर्मकार ख्रिस्ती बांधवाने हीच तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. १९८५ मध्ये न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही जातीची हलाखी तितक्याच तीव्रतेने कायम राहते हे पुराव्याने सिद्ध व्हावयास हवे, आणि तो पुरावा अपुरा आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला. उलट बाजूने, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, प्रत्यक्षात ख्रिस्ती श्रद्धा आचरून केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणविणे घटनेला धरून नाही.

या निकालांचे पडसाद आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत उमटतात. रविवारी मिस्साला येणारे कुटुंब शाळेच्या दाखल्यावर काही निराळेच लिहिते, कारण मुलाची शिष्यवृत्ती अडते. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव घालण्यापूर्वी बाप दोन क्षण घुटमळतो. एखादी मुलगी वसतिगृहात गळ्यातला क्रूस पदराआड सारते. अशांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु कार्थेजच्या परिषदेने ते केले नाही, आणि आम्हीही करू नये. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्य आहे, त्याच्याकडून निर्भयतेची अपेक्षा करण्याआधी त्याच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी समाजाने वाहिली पाहिजे. धर्मग्रामाने आपल्या सभासदांकडे जाहीर कबुली मागावयाची आणि तिची किंमत मात्र त्या एकट्यालाच भरावयास लावावयाची, हा न्याय नव्हे. शिवाय सूसै यांच्या खटल्यातील प्रश्न आपल्याच दाराशी येऊन थांबतो. आपल्या पंगतीत, आपल्या सोयरिकीत, आपल्या स्मशानभूमीत जात उरली आहे काय? उरली असेल, तर पुराव्याचा शोध फार लांब करावयास नको, आणि तो पुरावा आपल्याविरुद्धचा असेल.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कागद आणि वेदी यांवर दोन वेगवेगळी नावे लिहिण्याची सवय एकदा जडली की, तिसऱ्या पिढीला आपण खरोखर कोण आहोत हेच सांगता येईनासे होते. डेसिअसच्या काळातील दाखला एका संकटापुरता होता. आपला दाखला जन्मभर पुरतो आणि नातवंडांपर्यंत जातो. म्हणून पास्काजागरणाच्या रात्री हाती मेणबत्ती घेऊन आपण बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतो, तेव्हा त्या उत्तरांचा अर्थ घरी मुलांना समजावून सांगावा. ती उत्तरे ओठांवरून सहज निसटून जाण्यासाठी नाहीत. त्यांच्यामागे रोमच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहिलेले कन्फेसर आहेत, मठाच्या वेदीवर स्वहस्ते लिहून ठेवलेले कागद आहेत, नागपूरच्या मैदानावर उभा राहिलेला एक अख्खा समाज आहे.

‘प्रोफेस’ हा शब्द शेवटी एकच गोष्ट मागतो: तुझे नाव तू स्वतः सांग. ते सांगण्याइतके बळ एकेकट्या माणसात नेहमीच असते असे नाही. पेत्रालाही शेकोटीपाशी ते उरले नव्हते. तरीही त्याच पेत्राने पुढे पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात भर लोकांत उभे राहून भाषण केले. आणि वचन सांगते की, तेव्हा तो एकटा उभा नव्हता, त्याच्याबरोबर अकरा जण उभे होते.